खोल खणून घातलेला पाया : तुमचे अनुभव

येशूने सांगितलेला खडकावरच्या घराचा दाखला शब्बाथ शाळेपासून, म्हणजे लहानपणीच्या रविवारच्या बायबल वर्गापासून, आपल्याला पाठ आहे : एकाने खडकावर पाया घालून घर बांधलं, दुसऱ्याने पायाशिवाय मातीवर. परवा तोच बायबलमधल्या लूकच्या सहाव्या अध्यायात वाचताना मी एका शब्दाशी अडखळले. खडकावर बांधणारा माणूस ‘खोल खणून’ पाया घालतो. पुराचा लोंढा दोन्ही घरांवर आदळला, खणलं मात्र एकानेच. चर्चच्या मंडळीत साक्ष देताना, म्हणजे देवाचा अनुभव सांगताना, आपण बहुतेक वेळा वादळाचंच सांगतो. इथे वादळाच्या आधीचं लिहा. तुमच्या आयुष्यात ते खणणं म्हणजे नेमकं काय होतं?

माझं सांगते. नगरला आमच्या घरी दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना व्हायची. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं गीत, शास्त्रपाठ, प्रभूची प्रार्थना. जन्मानेच ख्रिस्ती, त्यामुळे विश्वास हा घरासारखाच वारशाने मिळाला असं मी धरून चालले होते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा, हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. मधली पाच वर्षं त्या बाईंनी नवऱ्याच्या विश्वासावर स्वतःचं घर बांधलं नाही. त्या रात्री पहिल्यांदा मी माझ्या शब्दांत प्रार्थना केली.

जालन्याहून
आमचे दादा गवंडी होते. इकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभी केलेली भिंत तडकतेच. दादा मालकाला सांगायचे, पैसे कमी असतील तर एक खोली कमी बांधा, पण मुरूम लागेपर्यंत मला खणू द्या. मी सतरा वर्षांचा असताना एका कामावर उरलेल्या सिमेंटच्या चार गोण्या परस्पर विकल्या. दादांना कळलं. ते रागावले नाहीत, मारलंही नाही. मला मालकाच्या दारात नेलं आणि म्हणाले, “तूच सांग.” मी सांगितलं. पैसे दोन महिन्यांच्या मजुरीतून फेडले. दादांना धड वाचता येत नव्हतं, पण त्या दाखल्यातलं ‘ऐकतो आणि त्याप्रमाणे करतो’ एवढं त्यांना पाठ होतं. आज मी स्वतः कामं घेतो. वहीत उरलेल्या मालाचा रकाना आधी भरतो.

वसईहून
आम्ही कॅथलिक. आमच्याकडे रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना. तरुणपणी मला ती नुसती घोकंपट्टी वाटायची, आईशी त्यावरून वादही घातलेत. मिस्टर अकरा दिवस आयसीयूत होते. तेव्हा देवाशी बोलायला माझ्याकडे एक शब्द उरला नव्हता. बोटं मात्र मणी सरकवत होती आणि ओठांवर ‘नमो मरिये’ येत होतं. आईने माझ्यासाठी चाळीस वर्षं आधी खणून ठेवलं होतं. मिस्टर घरी आले नाहीत. रोझरी सुटली नाही.

पुण्याहून
थोडं वेगळं लिहितो. माझा पाया एका पाळकांवर, आमच्या चर्चच्या धर्मगुरूंवर, होता. ते माणूस म्हणून चुकले आणि मी सहा वर्षं उपासनेला गेलो नाही. दोष त्यांचा होताच, पण ख्रिस्ताच्या जागी त्यांना मी बसवलं होतं.

आणखी एक. नवीन वर्षाला बायबलमधल्या एका वचनाची चिठ्ठी उचलायची आणि वर्षभर तेवढ्यावर भागवायचं, ही माझी सवय. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन पाहायला गेलो आणि शरम वाटली. रमाबाईंनी मराठी बायबलसाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, आयुष्याची शेवटची वर्षं त्या कामाला दिली. बाईंनी सगळा ग्रंथ पेलला आणि मी एका ओळीवर वर्ष काढतोय! परत आल्यावर बायबल पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, वाचायला घेतलं. लेवीय जड गेलं, दोनदा सोडलं. आता यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात आहे. चिठ्ठीत निघणारं ‘तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे’ हे वचन बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्यांना लिहिलंय आणि त्याच्याच आधीच्या ओळीत सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय. हे मला पन्नाशीत कळलं.

मस्कतहून
नर्स आहे. इथे उपासना शुक्रवारी, आणि निम्मे शुक्रवार माझी ड्यूटी. म्हणून रात्रपाळीला निघताना आईला फोन लावते. ती लातूरहून बायबलमधलं एकशे एकविसावं स्तोत्र म्हणते, मी बसस्टॉपवर उभी राहून तिच्या मागून म्हणते. बस आली की आमेन.