क्रिप्सला ४५ मतं, कार्ल्टन आठवा: त्याच्या मोसमाची खरी किंमत किती?

जुना_निळा
एएफएलचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, २०२४ चा मोसम संपला, तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

आपल्या कार्ल्टन क्लबच्या पॅट्रिक क्रिप्सने साखळीतल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडल जिंकलं, तेही ४५ मतांनी. आधीचा विक्रम ३६ चा होता, २०१७ मध्ये डस्टिन मार्टिनचा आणि २०२१ मध्ये ऑली वाइन्सचा. ज्यांना फूटीची, म्हणजे या खेळाची, सवय नाही त्यांच्यासाठी: साखळीतल्या प्रत्येक सामन्यानंतर मैदानावरचे अंपायर तीन खेळाडूंना ३, २, १ अशी मतं देतात. २३ सामने, म्हणजे जास्तीत जास्त ६९ मतं. त्यातली ४५ एकट्या माणसाने नेली. दुसऱ्या क्रमांकावरच्या निक डेकॉसची ३८ सुद्धा जुन्या विक्रमाच्या पुढे गेली, हे वेगळंच.

आणि त्याच मोसमात आपला कार्ल्टन आठवा. मध्यावर आपण दुसऱ्या स्थानावर होतो. शेवटच्या साखळी सामन्यात सेंट किल्डाकडून २ गुणांनी हरलो आणि दुसऱ्यांच्या निकालावर फायनल्समध्ये, म्हणजे बाद फेरीत, शिरलो. मग गॅबा मैदानावर ब्रिस्बेनने ६०-० केलं तेव्हा कुठे आपला पहिला गोल झाला.

माझं मत सरळ आहे. क्रिप्सचा हा सर्वोत्तम मोसम होता, याबद्दल वाद नाही. पण एका बैलावर सगळा गाडा ओढायचा, ही सवय आपल्याला लागली आणि तीच नडते आहे. त्याचा फॉर्म जितका चांगला, तितकं बाकीच्यांचं अपुरेपण झाकलं जातं.

कबड्डीवाला
साफ असहमत. तू त्याच्या कामाची शिक्षा त्यालाच देतो आहेस.

टीव्हीवर चेंडूच्या मागे कॅमेरा फिरतो, त्यामुळे क्रिप्स काय करतो ते नीट दिसत नाही. एमसीजीवर वरच्या मजल्यावर बसून फक्त त्याच्याकडे बघ. मधोमध चेंडू उंच उडतो, दोन्ही रक (चेंडूसाठी उडी मारणारे उंच खेळाडू) हवेत झेपावतात, त्यांनी टोलवलेला चेंडू खाली पडतो आणि तिथे सात-आठ माणसांचा गुंता होतो. १९५ सेंटिमीटरचा हा माणूस त्या गुंत्यात वाकून चेंडू उचलतो. एक जण कमरेला, दुसरा खांद्याला लटकलेला. हात अडकले तर संपलं, चेंडू धरून ठेवल्याबद्दल फ्री किक प्रतिस्पर्ध्याला. म्हणून तो आधी दोन्ही हात डोक्याच्या वर काढतो आणि तिथून मुठीने चेंडू बाहेर पळणाऱ्या आपल्या सॅम वॉल्शकडे मारतो. आपल्याकडे कबड्डीत चार जणांनी कवेत घेतलेला चढाईपटू रेषेकडे हात लांबवतो ना, अगदी तसं. फरक इतकाच की याला हे एका सामन्यात पंधरा-वीस वेळा करायचं असतं.

हे काम दुसरा कोणी करत नाही म्हणून तो करतो. तो नसता तर आठवा क्रमांकसुद्धा दिसला नसता.

लायन्सभक्त
ब्रिस्बेनमध्ये राहतो, म्हणून माझं मत एकतर्फी वाटू शकतं. पण ६०-० त्या रात्री गॅबावर डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा क्रिप्स मैदानातच होता.

आमच्याकडे लॅची नील आहे, दोन वेळा ब्राउनलो जिंकलेला. अंतिम सामन्यात सिडनीला ६० गुणांनी हरवलं तेव्हा नीलच्या पायाला दुखापत होती. कोणाला जाणवलं का? मॅक्लगेज होता, डंकली होता आणि सामनावीराचं नॉर्म स्मिथ मेडल नेलं ते विल अ‍ॅशक्रॉफ्टने. एकाचा पाय दुखला की दुसरा खांदा पुढे करतो. जुना_निळा म्हणतो ते मला पटतं. मिडफिल्डरची किंमत मतांत मोजायची नाही, त्याच्यामुळे शेजारचा किती मोठा झाला यावर मोजायची.

टार्नेटकरीण
मतांबद्दल थोडं. माझी मुलगी दोन वर्षं ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फूटीला, जाते आहे. मी दर शनिवारी रेषेवर उभी असते आणि हे दर वेळी दिसतं: अंपायर कायम चेंडूजवळ असतो. त्याच्या डोळ्यांसमोर जो आहे, तोच त्याला आठवणार. मागे शांतपणे फॉरवर्डला जखडून ठेवणारी मुलगी कोणाच्या लक्षात राहत नाही.

मोठ्या मैदानावरही तेच. फुल फॉरवर्डला, म्हणजे गोलसमोरच्या मुख्य आक्रमकाला, ब्राउनलो मिळालं ते १९८७ मध्ये, टोनी लॉकेटला, आणि तेही जॉन प्लॅटनबरोबर वाटून. म्हणून ४५ हा आकडा क्रिप्सच्या थोरवीचा पुरावा आहे, पण कार्ल्टनच्या बळाचा नाही. आपण दोन्ही एकाच तराजूत टाकतो आहोत, तिथेच गल्लत होते.

कबड्डीवाला
गल्लत मान्य. पण मग त्याच न्यायाने आठव्या क्रमांकाचा बोजाही त्याच्या डोक्यावर ठेवू नका. बॉब स्किल्टनने तीन ब्राउनलो जिंकली, १९५९, १९६३ आणि १९६८. साउथ मेलबर्नसाठी अख्ख्या कारकिर्दीत फायनल्सचा सामना खेळला एकच, १९७० मध्ये. स्किल्टनमुळे क्लब कमकुवत राहिला, असं कोणी म्हणत नाही.

आणि लायन्सभक्त, शेजारचा मोठा झाला का म्हणतोस, तर २०२३ आठव. मोसमाच्या मध्यावर कार्ल्टन पंधरावा होता. तिथून सलग नऊ विजय. दहा वर्षांत पहिल्यांदा फायनल्स, सिडनीवर ६ गुणांनी आणि मेलबर्नवर २ गुणांनी विजय. तो संघ एका माणसाचा नव्हता. क्रिप्स तोच होता, त्याच्याभोवतीची माणसं धडधाकट होती. २०२४ च्या उत्तरार्धात दुखापतींची रांग लागली, त्याला तो काय करणार?

लायन्सभक्त
२०२३ मी विसरलेलो नाही. उपांत्य सामन्यात तुम्ही आमच्याविरुद्ध पहिले पाच गोल मारलेत आणि तरी १६ गुणांनी हरलात. पहिल्या क्वार्टरमध्ये तुमची मिडफील्ड वाऱ्यासारखी होती. नंतर दम संपला आणि बदलायला माणसं नव्हती. माझा मुद्दा तोच आहे.

जुना_निळा
हा घाव वर्मी बसला, खरं सांगतो. तो सामना बघून मी दोन दिवस कोणाशी नीट बोललो नव्हतो.

कबड्डीवाल्याचं एक म्हणणं मी मान्य करतो: दोष क्रिप्सचा नाही. वरचं ‘नडते’ हे वाक्य मी त्याच्या अंगावर जाईल असं लिहिलं, ते चुकलं. मला राग आहे तो संघ रचणाऱ्यांचा. नॉर्थॅम्प्टनसारख्या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या छोट्या गावातून आलेला हा मुलगा. आपण त्याला २०१३ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) तेराव्या क्रमांकाला घेतला. तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षकाने अडचणीच्या वेळी त्यालाच मधल्या चौकोनात उभा केला. २०२४ मधला आपला प्रशिक्षक मायकल व्हॉस स्वतः ब्राउनलोवाला मिडफिल्डर, त्याला तर हा भार किती जड असतो ते कळायला हवं.

मला बघायचं आहे ते एवढंच: तिसऱ्या क्वार्टरमध्ये, सामना अटीतटीचा असताना, मधोमध चेंडू उडतो तेव्हा क्रिप्स बाकावर पाणी पीत बसला आहे आणि तरीही चेंडू आपण बाहेर काढला.

टार्नेटकरीण
किंवा त्याला अर्धा वेळ पुढे उभा करा. त्याची उंची आणि पकड बघता गोलच्या चौकोनात उंच चेंडू त्याच्यावर टाकला तर कोणता बचावपटू त्याला हलवणार आहे? पायही वाचतील.

कबड्डीवाला
पुढे ठेवला तर गुंत्यात कोण वाकणार, हे नाव घेऊन सांगा. मग मी गप्प बसतो.