शब्दचर्चा : तयार माल पुन्हा सुटा करणे, याला काय म्हणायचं?

प्रश्नकर्ता (जळगाव)
ठिबकचे फिल्टर जुळवणाऱ्या एका कारखान्यासाठी स्टोअरचं सॉफ्टवेअर मराठीत करतोय. माल बनवण्याच्या पानाला ‘जुळणी’ म्हटलं, कुणाला अडचण आली नाही. अडलं ते उलट्या कामापाशी. हंगाम संपला, मॉडेल बदललं, की पडून राहिलेले फिल्टर उघडून बॉडी, जाळी, गेज (दाब दाखवणारं काचेचं घड्याळ), क्लॅम्प पुन्हा रॅकवर लावतात. कारखान्यांच्या तयार सॉफ्टवेअरांपैकी सॅप बिझनेस वनमध्ये या ऑर्डरला डिसअसेंब्ली म्हणतात, ओडूमध्ये अनबिल्ड. मी बटणावर ‘मोड’ लिहिलं आणि फसलो. स्टोअरवाल्या काकांनी 40 फिल्टर सरळ भंगाराच्या खात्यात टाकले. विचारलं तर म्हणाले, “मोड म्हटलं ना तुम्ही!”

सराफ बाजाराशेजारचा
काकांचं बरोबर आहे. आमच्याकडे जुनी पाटली मोडली की पाटली संपली, उरतं ते वजन. मोडीच्या सोन्याला कुणी ‘ही पाटलीची कडी’ म्हणत नाही. तुमच्या फिल्टरचं गेज मात्र गेजच राहतं. वस्तू वितळून जाते तिथे मोडणे, भाग शाबूत राहतात तिथे दुसरा शब्द हवा.

भुसावळकर
‘विघटन’ घ्या. घटक जोडले तर घटन, वेगळे केले तर विघटन. तुमच्या यादीतही ‘घटक’ हाच शब्द असेल.

प्रश्नकर्ता
व्युत्पत्ती बिनतोड आहे, पण ‘विघटन’ ऐकलं की मला शेणखताचा खड्डा दिसतो, नाहीतर 1991 चा सोव्हिएत संघ. फिल्टर कुजत नाही हो भाऊ.

धुळ्याची ताई
गॅरेजवाले काय म्हणतात? ‘इंजिन खोललं.’ आमच्या अहिराणीत फरक एका वाक्यात कळतो : ‘हाई मोडेल नही, खोलेल शे.’ मोडलेलं परत बसवता येत नाही, खोललेलं येतं.

प्रश्नकर्ता
वाक्य फार आवडलं, ताई. पण पडद्यावर ‘खोला’ लिहिलं तर लोक फाईल उघडायचं बटण समजून दाबतील.

हिशेबनीस, पारोळा
शब्दाच्या आधी काम नीट सांगा, शब्द आपोआप निघेल. जुळणीची नोंद उणे आकड्याने टाकून हे काम उरकणारे पुष्कळ पाहिले. तसं केलं की त्या महिन्यात खरं किती बनलं, ते पुसून जातं. वेगळी नोंद हवी : तयार माल जाणार, भाग येणार. आणि जे गेलं ते सगळं परत येत नाही, हे तिथे लिहायची सोय हवी.

समजा फिल्टर 1,200 रुपयांना उभा आहे. त्यात भाग 1,050 चे, मजुरी 150. भागांपैकी 40 रुपयांचे गॅसकेट काढताना फाटतात. परत आले 1,010. उरलेले 190 कुठे? मजुरी काही रॅकवर ठेवता येत नाही. हा फरक तोट्यात दाखवावा लागतो, नाहीतर गेजच्याच डोक्यावर बसतो आणि पुढचा फिल्टर महाग दिसतो. फिल्टर खोलण्याची मजुरी तर आणखी निराळी.

शिवाय भागांची यादी आजची घ्यायची की तो फिल्टर बनला तेव्हाची? मधे क्लॅम्प बदलला असेल तर कधी न घातलेला क्लॅम्प कागदावर परत येतो. ओडूमध्ये मूळ उत्पादनाची ऑर्डर जोडता येते, ती जोडावी.

भुसावळकर
मग डाळ मिलचं काय? तुरीची डाळ आणि चुनी होते, तेही सुटं करणंच की.

हिशेबनीस, पारोळा
नाही. तूर कुणी डाळ आणि चुनी जोडून बनवली नव्हती. ते उत्पादनच, फक्त एकातून दोन माल निघणारं. त्याला जुळणीचं उलटं पान लावू नका. केळीचा घड कापून फण्या केल्या तरी तेच.

प्रश्नकर्ता
म्हणजे ‘जुळणी’ची जोडी ‘सुटे करणे’. बटणावर ‘सुटे करा’, खाली तीन रकाने : परत आले, निकामी, फरक. काल काकांना दाखवलं. त्या 40 मधून 37 गेज परत आले, उरलेल्या तीन गेजच्या काचा फुटलेल्या. ते त्यांनी न सांगता ‘निकामी’त टाकले.

धुळ्याची ताई
‘सुटे करा’ वाचून कुणी शंभराची नोट पुढे केली नाही ना?

प्रश्नकर्ता
केली. काकांनीच.