कम्युनिटी कॉलेजात एथनिक स्टडीज शिकायचंय, पहिला क्लास कोणता घेऊ?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी मूळची नांदेडची, बी.कॉम. झालेली. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला येऊन नऊ वर्षं झाली, एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर) आहे. लेक नववीत. मागच्या महिन्यात शाळेचा एक फॉर्म भरताना तिने विचारलं, "आई, आपली रेस कोणती?" मी म्हटलं, इंडियन. ती म्हणाली, "तो देश झाला. मग आपल्याला एशियनमध्ये कोणी टाकलं, आणि कधी?" मला उत्तर येईना. दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही.

घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) सोशल जस्टिस म्हणजे सामाजिक न्याय, एथनिक स्टडीज म्हणजे वांशिक समूहांचा अभ्यास, असे विषय आहेत असं कळलं. वय एक्केचाळीस. इंग्रजी वाचता येतं, पण वर्गात चटकन बोलता येत नाही. फी किती पडेल? पहिला क्लास कोणता घ्यावा? कोणी शिकलं असेल तर मनापासून सांगा.

वाटसरू

रानजाई, आधी पैशाचं सांगतो. कम्युनिटी कॉलेजला प्रवेश परीक्षा नसते. ऑनलाइन अर्ज फुकट भरायचा. राज्याच्या रहिवाशांना सेमिस्टरच्या कॉलेजात युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) ४६ डॉलर. तुमच्या जवळचं डी अँझा कॉलेज क्वार्टर पद्धतीचं, म्हणजे लहान सत्रांचं आहे, तिथे युनिटमागे ३१. म्हणजे ४ युनिटच्या क्लासला १२४ डॉलर, वर किरकोळ फिया.

पण रहिवासी धरलं जाणं महत्त्वाचं, नाहीतर फी कितीतरी पट होते. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे आणि इथेच राहायचा इरादा असल्याचे कागद लागतात: भाड्याचा करार, टॅक्सचे कागद, लायसन्स. एच-फोरवाल्यांना हे मिळू शकतं, एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना नाही. अॅडमिशन्सच्या खिडकीवर एखादा माणूस 'व्हिसा आहे म्हणजे आउट ऑफ स्टेट' असं सांगून मोकळा होतो. माझ्या बायकोला एका कॉलेजात असंच परत पाठवलं होतं. रेसिडेन्सी बघणाऱ्या माणसाशीच बोलायचंय असं सांगा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या.

शेवंता

ताई, मी तीन वर्षांपूर्वी तुमच्याच जागी होते. 'इंट्रोडक्शन'चा क्लास घेऊ नका असं मी म्हणेन. त्यात थोड्याच आठवड्यांत सगळं जग येतं आणि हाताला काही लागत नाही. एका समूहाचा इतिहास धरा. एशियन अमेरिकन घेतलात तर लेकीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल.

भगतसिंग थिंद यांचा खटला त्यात येतो. पंजाबातून आलेला शीख माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. तेव्हा बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळायचं. थिंद यांच्या बाजूने मुद्दा काय मांडला? आपण उच्चजातीचे, आर्य वंशाचे, म्हणून गोरे. १९२३ साली सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला आणि त्यानंतर आधी मिळालेली भारतीयांची नागरिकत्वंही काढून घेतली गेली. हे वाचताना मी वर्गात गप्प झाले. आमच्या घरात आजीचा वेगळा पेला होता, कामाला येणाऱ्या बाईंचा वेगळा, तो मोरीच्या कट्ट्यावर पालथा असायचा. तीस वर्षं मी तो बघितला होता आणि कधी विचारलं नव्हतं. इथला वर्णभेद शिकायला गेले आणि तो पेला डोळ्यांसमोर आला. त्या आठवड्याचा निबंध मी त्यावरच लिहिला.

दुसरं, सॅन ब्रुनोचं टॅनफोरान. मी तिथल्या मॉलमध्ये कितीदा मुलाचे बूट घ्यायला गेले असेन. क्लासमध्ये कळलं की तिथे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. १९४२ साली, जपानशी युद्ध सुरू असताना, सरकारने जपानी वंशाच्या सुमारे ८,००० माणसांना तिथे आणून डांबलं. काही कुटुंबं घोड्यांच्या तबेल्यात, चुना मारलेल्या भिंतींमागे. बहुतेक जण जन्माने अमेरिकी नागरिक. बार्ट स्टेशनाबाहेर आता दोन लहान मुलींचा पुतळा आहे. लेकीला घेऊन एकदा जा.

इंग्रजीची काळजी करू नका. प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या वेळेत, पहिल्याच आठवड्यात जा आणि सांगा, मी लिहून चांगलं मांडते, बोलायला वेळ लागतो. मला बोलण्याच्या मार्कांऐवजी दर आठवड्याला अर्धं पान लिहायला दिलं होतं.

अबोली_एसजे

विषय चांगलाच आहे, पण पुढे नोकरीचं काय? दोन वर्षं घालवून हातात काय येतं, हेही ताईंना कळायला हवं.

वाटसरू

अबोली, प्रश्न रास्त आहे. नुसत्या दोन वर्षांच्या पदवीवर थेट नोकरी मिळेल असं मी सांगणार नाही. पण सोशल जस्टिस स्टडीजमध्ये ट्रान्सफरची (पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची) पदवी आहे, साठ सेमिस्टर युनिटची. ती पूर्ण केली की कॅल स्टेट या सरकारी विद्यापीठात कुठेतरी जागा नक्की मिळते, हव्या त्याच कॅम्पसला मिळेल असं नाही. तिथून सोशल वर्क, शिक्षकी, काउंटीची कामं अशा वाटा आहेत. शिवाय २०२० च्या कायद्याने कॅल स्टेटच्या प्रत्येक पदवीला एथनिक स्टडीजचा एक कोर्स सक्तीचा झाला, त्यामुळे पुढे ताईंनी अकाउंटिंग धरलं तरी हा क्लास वाया जाणार नाही. फक्त घेण्याआधी असिस्ट डॉट ओआरजीवर तो कोर्स कशात धरला जातो ते बघा.

एच-फोरवर शिकायला बंदी नाही. नोकरीला मात्र वर्क परमिट लागतं, ते विसरू नका.

कृष्णाकाठ

मी ओकलंडला राहतो, वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा. हा विषय कोणी वरून दिलेला नाही, एवढं ताईंना माहीत असावं. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील इथल्या मेरिट कॉलेजात, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातच भेटले आणि १९६६ साली त्यांनी काळ्या लोकांच्या हक्कांसाठी ब्लॅक पँथर पार्टी काढली. नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या विद्यार्थ्यांनी संप केला, तो मार्चपर्यंत चालला. मुलांनी लाठ्या खाल्ल्या, अटका झाल्या, तेव्हा कुठे कॉलेज ऑफ एथनिक स्टडीज उभं राहिलं.

आणि १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली, नाव तिथूनच घेतलेलं. त्याच्याही जवळपास शंभर वर्षं आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून. २०२२ मध्ये कॅल स्टेटने भेदभावाविरुद्धच्या धोरणात जात हा शब्द घातला, त्यामागेही इथे शिकणारी दक्षिण आशियाई मुलं होती. तेव्हा वर्गात पाहुण्यासारखं बसू नका. तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे, आणि कदाचित कबूल करण्यासारखंही. शेवंताताईंनी त्या पेल्याचं लिहिलं, तसं.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार. पेल्याचं वाचून मी बराच वेळ बसून राहिले. आमच्याकडे कपबशी होती, खिडकीत ठेवलेली.

आज अर्ज भरला. रेसिडेन्सीसाठी भाड्याचे करार शोधून ठेवलेत, ईमेलही पाठवला. एशियन अमेरिकनचा संध्याकाळचा क्लास आहे, मंगळवार-गुरुवार, तोच घेईन. लेकीला थिंदचं सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपण गोरे आहोत असं आपणच म्हणत होतो?" शनिवारी दोघी सॅन ब्रुनोला जातोय.