मदत हवी आहे: आईची किडनी, फिनेरेनोन आणि पोटॅशियम

आई ६८ वर्षांची, जुना मधुमेह. ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३८, लघवीतून प्रथिनं जातात. डापाग्लिफ्लोझिन (मधुमेह-किडनीची गोळी) चालू आहे, आता डॉक्टर फिनेरेनोन ही किडनी जपणारी गोळी जोडू म्हणतात. २०२० च्या फिडेलिओ या औषध-चाचणीत टाइप २ मधुमेहींची किडनीची घसरण या गोळीने मंदावली, पण रक्तातलं पोटॅशियमही जास्त जणांचं वाढलं. त्या चाचणीत पोटॅशियम ४.८ पर्यंत असलेलेच रुग्ण घेतले होते, आणि आईचं बरोब्बर ४.८! म्हणून जीव धास्तावलाय.

कुणाच्या घरी ही गोळी चालू आहे का? पहिल्या महिन्यात पोटॅशियम कितीदा तपासलं? पोटॅशियम वाढू नये म्हणून शहाळं, केळी बंद आहेत, भाज्या उकडून पाणी ओततो. तरी तिला गोडीने जेवता येईल असं काय करता? (लो-सोडियम मीठ घरात ठेवत नाही, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. पाकीट जरूर वाचा.) पुढची अपॉइंटमेंट सोमवारी आहे, त्याआधी अनुभव कळवाल का?