पावसाळ्यातच मोकळे होणाऱ्यांनी काय करायचं?

"फिरायला शाळा बुडवणं म्हणजे मुलांना नियम मोडायला शिकवणं," हे तुमचं मत मला पटत नाही, ताई. गोव्यात कळंगुट-बागाकडे ऑक्टोबर ते मे पर्यटकांचा सीझन. हॉटेलात कामाला असलेल्या आईबापांना दिवाळी-नाताळात रजा मागायचीही सोय नसते. शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं, मेअखेर उठतात, ट्रॉलरना 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी. घर निवांत होतं तेव्हा नेमकी शाळा चालू! या घरांनी मुलांबरोबर जायचं तरी कधी?

शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस शाळा धरली आहे, सहावी ते आठवीला 220. त्यातले चार दिवस गेले तर लहान वर्गात भरून निघतात, नववी-दहावीत मी नेणार नाही.

फक्त "ताप आला होता" अशी खोटी चिठ्ठी देऊ नका, पोर ऐकत असतं. आम्ही अर्जात खरं कारण लिहिलं. बाईंनी अपूर्णांकांच्या पानांवर पेन्सिलीने खुणा करून दिल्या, आणि लेकीने ती उदाहरणं कोकण रेल्वेत डब्याच्या झाकणावर वही टेकवून सोडवली. घटक चाचणीचा आठवडा तेवढा टाळा.