जॉयाची नोकरी आणि कविता
अमेरिकन कवी डेना जॉया आधी कॉर्पोरेटवाला, मग पैसा साठल्यावर नोकरी सोडून कवी झाला असं कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. स्टॅनफर्डचं एमबीए करून तो जनरल फूड्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीत १५ वर्षं होता हे खरंय, पण पहिला संग्रह १९८६ चा, कविता विद्यापीठांच्या चार भिंतींत अडकलीये असं सांगणारा अटलांटिक मासिकातला गाजलेला लेख १९९१ चा आणि नोकरी सोडली १९९२ ला, म्हणजे हे सगळं ऑफिस सांभाळून, रात्री आणि शनिवार-रविवारी बसून लिहिलेलं.

त्या लेखाच्या शेवटी सहा सूचना आहेत, त्यातली पहिलीच अशी की कवीने कार्यक्रमात दुसऱ्यांच्याही कविता वाचाव्यात. पुढे एनईएचा, म्हणजे तिकडच्या सरकारी कला निधीचा अध्यक्ष झाल्यावर (२००३-०९) त्याने शाळकरी मुलांसाठी देशभर कविता पाठांतराची स्पर्धा सुरू केली, त्यात मुलं दुसऱ्यांच्याच कविता तोंडपाठ म्हणतात, मला तर हा त्या सूचनेचाच विस्तार वाटतो. नंतर कॅलिफोर्नियाचा राजकवी असताना तो राज्यातल्या ५८ च्या ५८ काउंट्यांमध्ये (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांमध्ये) स्वतः जाऊन आला, अगदी आडगावांतसुद्धा. माझ्यासाठी तरी त्याच्या सगळ्या पदांपेक्षा ही पायपीट मोठी आहे.