शब्दचर्चा: समजात, ऑर्थोलॉग आणि दत्तक जनुक

प्रश्न, नाशिक रोड

जनुकांच्या उत्क्रांतीचे अभ्यासक युजीन कूनिन यांच्या संशोधनावर अकरावी-बारावीच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहायचे आहे. मॉस्को विद्यापीठातले विषाणूंवरचे सुरुवातीचे काम, 1991 पासून अमेरिकेतल्या एनसीबीआय या जैवमाहिती केंद्रातली वर्षे, जीवाणू-विषाणूंच्या जीनोमची, म्हणजे संपूर्ण जनुकसंचाची, उत्क्रांती, हे सगळे सांगता येते. गाडी अडते ती होमोलॉग, ऑर्थोलॉग आणि पॅरालॉग या तीन शब्दांपाशी. तिन्हींना ‘समरूप’ म्हटले तर चालेल का?

पंचवटी

नाही चालणार. समरूप म्हणजे दिसायला सारखे. इथे प्रश्न दिसण्याचा नाही, दोन्ही जनुके एकाच पूर्वजापासून आली की नाहीत याचा आहे. म्हणून होमोलॉगसाठी ‘समजात’ हा शब्द नेमका आहे, कारण त्यातला ‘जात’ म्हणजे जन्मलेला. तो वापरला की एक नेहमीची चूकही टळते. ‘या दोन जनुकांत 40 टक्के होमोलॉजी आहे’ असे सर्रास लिहितात. साम्य टक्क्यांत मोजतात. समजात असणे म्हणजे हो किंवा नाही. कोणी कोणाचा 40 टक्के सख्खा भाऊ नसतो.

निफाड

आपल्याकडचे उदाहरण द्या, मुलांना लगेच कळेल. द्राक्षावर केवडा येतो, भेंडीवरही केवडा येतो. नाव एक, पान पिवळे पडणेही दोन्हीकडे. पण द्राक्षावरचा केवडा म्हणजे डाऊनी, बुरशीसारख्या एका जीवामुळे होणारा. भेंडीचा केवडा म्हणजे हळद्या, पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू. डाऊनीचे बुरशीनाशक भेंडीवर कितीही मारा, हळद्या हटत नाही. वरवर सारखे, पण समजात नव्हे.

पंचवटी

उत्तम. विषाणूंत याच्या उलटही घडते, आणि टिपणाला ती बाजू हवीच. विषाणूंचे क्रम, म्हणजे जनुक-प्रथिनांतल्या अक्षरांच्या माळा, इतक्या झपाट्याने बदलतात की समजात प्रथिनांतही साम्य जेमतेम उरते. तेव्हा काही मोजक्या जागी टिकून राहिलेली अक्षरे शोधावी लागतात. प्रथिनाची अक्षरे म्हणजे अमिनो आम्ले. आरएनए विषाणूंच्या पॉलिमरेजमध्ये, म्हणजे आरएनएची नक्कल करणाऱ्या विकरात (एन्झाइममध्ये), बहुधा ग्लायसिन-अॅस्पार्टेट-अॅस्पार्टेट असा तिकडा असतो. कोरोनाविषाणूंत त्यातल्या ग्लायसिनच्या जागी सिरीन येते. 1989 मध्ये गोर्बालेन्या, कूनिन आणि सहकाऱ्यांनी कोंबड्यांच्या कोरोनाविषाणूचा क्रम फक्त इतर विषाणूंशी ताडून पाहिला आणि पॉलिमरेज, हेलिकेज (आरएनएचे पेड उलगडणारे) आणि प्रोटिएज (प्रथिन कापणारे) कुठे असावेत ते सांगितले. कूनिन यांच्या पुढच्या कामाची पद्धत इथेच दिसते, म्हणून टिपणात हा भाग गाळू नका.

येवला

आता ऑर्थोलॉग आणि पॅरालॉग. हे शब्द उत्क्रांतीचे अभ्यासक वॉल्टर फिच यांनी 1970 मध्ये केले. ऑर्थो म्हणजे नेमका, पॅरा म्हणजे शेजारचा. माझ्या मते पोथीचे उदाहरण सर्वांत जवळचे. एका पोथीत लेखनिकाकडून एक पान दोनदा उतरले गेले, ‘क’ आणि ‘ख’. मग त्या पोथीच्या दोन प्रती झाल्या, एक पैठणला गेली, एक त्र्यंबकला. दोन्हीकडे पुढे पाठभेद पडत गेले. पैठणचे ‘क’ आणि त्र्यंबकचे ‘क’ हे ऑर्थोलॉग, कारण ते पोथीची वाट फुटल्यामुळे वेगळे झाले. ‘क’ आणि ‘ख’ हे पॅरालॉग, कारण ते पान दुपटल्यामुळे वेगळे झाले. मग ते एकाच पोथीत असोत वा दोन पोथ्यांत. ‘एकाच जीवातले ते पॅरालॉग’ अशी सोपी व्याख्या देतात, ती चुकीची आहे.

मराठी प्रतिशब्द म्हणून ‘शाखाजात’ आणि ‘द्विरुक्तजात’ सुचवतो.

पंचवटी

शाखाजात छान बसतो. द्विरुक्तजात जिभेला जड आहे, पण अर्थ चोख देतो. पहिल्या उल्लेखात मराठी शब्द आणि एक ओळ स्पष्टीकरण, पुढे ऑर्थोलॉग-पॅरालॉग असेच ठेवा. मुलांना पुढे संगणकावर याच नावांनी शोधायचे आहे.

ऑर्थोलॉग प्रत्यक्ष कसे काढतात तेही द्या. ‘अ’ जीवातले प्रत्येक प्रथिन ‘ब’ जीवातल्या सर्व प्रथिनांशी ताडायचे आणि सर्वांत जवळचे टिपायचे. मग उलट दिशेने तेच करायचे. दोघांनी एकमेकांनाच निवडले तर जोडी संभाव्य ऑर्थोलॉग. डीएनएऐवजी प्रथिने घेतात, कारण अक्षरे 4 ऐवजी 20 मिळतात आणि दूरचे नाते तिथे जास्त काळ दिसते. 1997 मध्ये तातुसोव, कूनिन आणि लिपमन यांनी जोडीवर भागवले नाही. तीन दूरच्या वंशांत असा त्रिकोण जुळला पाहिजे, आणि एक बाजू सामाईक असलेले त्रिकोण एकत्र करायचे, असा नियम केला. 7 जीनोम, 5 वंश, त्यातून 720 गट निघाले. त्यांनाच कॉग म्हणतात.

येवला

आणि फसते कुठे तेही. पैठणच्या पोथीतून ‘क’ गळाले, त्र्यंबकच्या पोथीतून ‘ख’ गळाले, तर उरलेली दोन पाने एकमेकांना निवडणारच, आणि पॅरालॉग ऑर्थोलॉग म्हणून नोंदला जाणार. दुसरे, कधी 600 अमिनो आम्लांच्या प्रथिनात 120 चाच तुकडा जुळतो. तो फक्त एक जोडलेला भाग असतो, म्हणून जुळणीने दोन्ही प्रथिनांचा किती हिस्सा व्यापला हे पाहायचेच. तिसरे, ई-व्हॅल्यू, म्हणजे इतक्या चांगल्या जुळण्या निव्वळ योगायोगाने किती मिळतील याचा अंदाज. ज्यात शोधतो तो प्रथिनांचा संग्रह दुप्पट झाला की त्याच जुळणीची ई-व्हॅल्यू दुप्पट होते, त्यामुळे संग्रहाचा आकार न सांगता नुसते ‘0.001’ लिहिण्यात अर्थ नाही.

प्रश्न, नाशिक रोड

हॉरिझाँटल ट्रान्सफरने, म्हणजे आईबापांकडून नव्हे तर दुसऱ्याच जीवाकडून, आलेल्या जनुकाला ‘उसने जनुक’ म्हणू का?

निफाड

उसने परत करायचे असते. शेजारून उसनी साखर आणली तर ती फेडावी लागते, आणि शेजाऱ्याकडची कमीही होते. इथे देणाऱ्याकडे मूळ जनुक बहुधा राहते आणि घेणारा ते परत करत नाही.

येवला

मग ‘दत्तक’ घ्या. दुसऱ्या घराण्यातून आले, या घरात कायमचे रुजले, आणि पुढच्या पिढ्यांना वारशाने गेले. तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात आहेत. प्रक्रियेला ‘आडवे जनुकवहन’ म्हणा, ‘क्षैतिज’ नको. पैठणीच्या मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा हे आमच्याकडे रोजचे शब्द आहेत. आईकडून लेकीकडे जाते ते उभे, शेजारच्या वंशातून येते ते आडवे.

पंचवटी

दत्तकला माझा पूर्ण पाठिंबा. अजून एक शब्द लागेल. मुशेगियन आणि कूनिन यांनी 1996 मध्ये हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या दोन जीवाणूंचे जीनोम ताडले, पेशी जगायला कमीत कमी किती जनुके लागतात ते पाहायला. सामाईक ऑर्थोलॉग 240 निघाले, पण तेवढ्यावर पेशी चालेना, पेशीतल्या रासायनिक क्रियांच्या मधल्या काही पायऱ्यांची विकरेच गायब. कारण तेच काम दोन जीवांत समजात नसलेली जनुके करत होती. फॉस्फोग्लिसरेट म्युटेज हे साखर मोडण्याच्या क्रियेतले विकर त्यातले ठळक उदाहरण, त्याचे दोन प्रकार एकमेकांचे नातलगच नाहीत. अशी 22 कामे धरली, दुहेरी वाटणारी 6 जनुके वगळली, आणि किमान संच 256 चा झाला. या प्रकाराला ‘बदली जनुक’ म्हणावे. बदली कामगारासारखे, खुर्ची तीच, माणूस वेगळा.

प्रश्न, नाशिक रोड

घेतले. शेवटचे: ‘जनुक’ कोणत्या लिंगी लिहू? आणि विषाणु की विषाणू?

पंचवटी

जनुक नपुंसकलिंगी: ते जनुक, ती जनुके. विषाणू एकटा आला की दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व: विषाणुजन्य, जीवाणुनाशक. ‘कोरोनाविषाणू’मध्ये तो शेवटी आहे, म्हणून तिथे दीर्घच.